एक प्रश्न, पन्नास वर्षं : र. कृ. जोशी आणि आपला ‘मंगल’ फॉन्ट

तुमचा सिनॉप्सिस मराठीत टाइप केलेला असेल तर ती फाइल उघडा आणि वरच्या पट्टीत फॉन्टचं नाव बघा. बऱ्याच जणांना तिथे ‘मंगल’ असं दिसेल. हे अक्षर आपण इतकी वर्षं वाचतोय, पण ते कुणीतरी बसून घडवलंय हे आपल्या लक्षातही येत नाही. ते घडवणाऱ्या माणसाचं नाव रघुनाथ कृष्ण जोशी. कलाक्षेत्रातले लोक त्यांना र. कृ. जोशी किंवा आरके म्हणून ओळखतात.

आज त्यांच्या करिअरबद्दल लिहायचं कारण सांगते. पेट, नेट, सेटची तयारी करणाऱ्यांचा नेहमीचा प्रश्न असतो, ‘टॉपिक कुठला घेऊ?’ जोशींचं करिअर नीट वाचलं की या प्रश्नाचं एक चांगलं उत्तर मिळतं. शिवाय तुमचा प्रबंध उद्या कुणाला सापडणार की नाही, हा अगदी व्यवहारातला मुद्दाही त्यातूनच कळतो.

डिझायनर म्हणजे नेमकं कोण?

आपल्याकडे उमरखेडला ‘डिझायनर’ म्हटलं की ब्लाउज आठवतो, नाहीतर लग्नपत्रिका. पण कारखान्यात लाखोंच्या संख्येने बनणारी वस्तू माणसाच्या हाताला आणि डोळ्याला कशी सोयीची होईल, हे ठरवणारा म्हणजे इंडस्ट्रियल डिझायनर. खुर्ची, मिक्सर, फोन आणि हो, फॉन्टसुद्धा. फॉन्ट एकदाच तयार होतो, पण कोट्यवधी वेळा वापरला जातो.

या क्षेत्रात जपानच्या नाओतो फुकासावांचं नाव जगभर घेतलं जातं. मुजी या कंपनीसाठी त्यांनी भिंतीवर लावायचा एक सीडी प्लेअर केला. खाली लोंबणारी दोरी ओढली की सीडी फिरायला लागते, जुन्या एक्झॉस्ट फॅनसारखी. कुणाला शिकवावं लागत नाही, हात आपोआप दोरीकडे जातो. २००६ साली त्यांनी जॅस्पर मॉरिसन या ब्रिटिश डिझायनरबरोबर टोकियोत एक प्रदर्शन भरवलं. त्याचं नाव होतं ‘सुपर नॉर्मल’. रोजच्या वापरात इतक्या मुरलेल्या वस्तू, की त्यांच्याकडे कुणी वेगळं बघतच नाही, अशा वस्तू त्यात मांडल्या होत्या.

या कसोटीवर मराठीतली सगळ्यात ‘सुपर नॉर्मल’ वस्तू शोधायची झाली तर माझं मत मंगलला. आता तो घडवणारा माणूस तिथपर्यंत कसा पोहोचला ते बघू.

नोकऱ्या बदलल्या, प्रश्न तोच राहिला

जोशींचा जन्म १९३६ चा. शिक्षण मुंबईच्या सर जे. जे. मध्ये. १९५६ ते १९६० ते डी. जे. कीमर या जाहिरात कंपनीत होते. (याच कंपनीच्या कोलकाता ऑफिसात सत्यजित राय चित्रकार म्हणून काम करायचे. त्यांनीही पुढे टाइपफेस केले.) १९६१ ते १९८३ जोशी उल्का अॅडव्हर्टायझिंगमध्ये आर्ट डायरेक्टर. मग १९८३ ते १९९६ आयआयटी मुंबईच्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये, म्हणजे आयडीसीत, प्राध्यापक. त्यानंतर नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी म्हणजे एनसीएसटीमध्ये. ही संस्था नंतर सी-डॅकमध्ये विलीन झाली. २००८ मध्ये अमेरिकेत त्यांचं निधन झालं. याच्या जोडीला ते सुलेखनकार होते आणि मराठीत कविताही लिहायचे.

बायोडेटा म्हणून वाचलं तर हे चार वेगवेगळे रस्ते वाटतात. जाहिरात, कविता, अध्यापन, सॉफ्टवेअर. पण प्रत्येक ठिकाणी त्यांनी धरून ठेवलेला प्रश्न एकच दिसतो : हाताने लिहिलेलं भारतीय अक्षर यंत्रात गेल्यावर त्याचं काय होतं, आणि काय व्हायला हवं?

त्यांचं सुरुवातीचं एक उत्तर होतं ‘देशनागरी’. सगळ्या भारतीय भाषांसाठी एकच समान लिपी असावी, असा तो प्रस्ताव. ही लिपी रूढ झाली नाही. आणि गंमत बघा, पुढे याच माणसाने एनसीएसटीत विंडोजसाठी प्रत्येक लिपीचा वेगळा फॉन्ट केला. देवनागरीला मंगल, तमिळला लता, तेलुगूला गौतमी, कन्नडला तुंगा, गुजरातीला श्रुती, गुरुमुखीला रावी. म्हणजे एकाच प्रश्नाला आधी एक उत्तर आणि नंतर जवळजवळ उलटं उत्तर. संशोधनाच्या भाषेत सांगायचं तर गृहीतक बदललं, प्रश्न सुटला नाही तोवर सोडला नाही.

बोरू, खिळा आणि पिक्सेल

आता मूळ अडचण समजून घेऊ. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना ही मजेशीर वाटेल, कारण हा शेवटी रिझोल्यूशनचा प्रश्न आहे.

देवनागरीचं वळण बोरूतून आलं. बोरूचं टोक तिरकं कापलेलं असतं. त्यामुळे हात एका दिशेने गेला की रेषा जाड येते, दुसऱ्या दिशेने गेला की बारीक. अक्षराचा डौल या जाड-बारीकपणात असतो. नंतर छापखाना आला. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने हे वळण शिशाच्या खिळ्यांत इतकं सुंदर उतरवलं की त्या टाइपाचं नाव आजही निघतं. पण देवनागरीचा एक संच म्हणजे शेकडो खिळे, कारण जोडाक्षरं आणि मात्रा वेगवेगळ्या ठेवाव्या लागायच्या. जुळाऱ्याचं काम किती किचकट असेल, कल्पना करा.

मग आला कॉम्प्युटरचा पडदा. विंडोजमध्ये एका इंचात ९६ ठिपके धरायची पद्धत होती. १२ पॉइंटचं अक्षर म्हणजे इंचाचा सहावा भाग, म्हणजे उंचीला फक्त १६ पिक्सेल. इंग्रजीला एवढी जागा पुरते. मराठीचं काय? ‘शर्तींमध्ये’ हा शब्द घ्या. यातल्या ‘र्तीं’ मध्ये वेलांटी, रफार आणि अनुस्वार तिन्ही शिरोरेषेच्या वर आहेत. ‘वस्तूंमध्ये’ म्हटलं की अनुस्वार वर, ऊकार खाली. म्हणजे १६ पिक्सेलमध्ये वरचा मजला, शिरोरेषा, मधलं अक्षर आणि खालचा मजला, एवढं सगळं बसवायचं. मधल्या अक्षराच्या वाट्याला जेमतेम निम्मी जागा येते.

याचा परिणाम नुसता दिसण्यावर होत नाही. ‘घ’ आणि ‘ध’ बघा. ‘म’ आणि ‘भ’ बघा. ‘ध’ आणि ‘भ’ या दोघांच्या डोक्यावर शिरोरेषा थोडी तुटलेली असते. लहान आकारात ही फट एखाद्या पिक्सेलची उरते. ती बुजली की ‘धर’ चं ‘घर’ होतं आणि ‘भात’ चा ‘मात’ होतो. बोरूच्या बारीक रेषेची तर आणखी पंचाईत. तिची जाडी एका पिक्सेलपेक्षा कमी भरली की ती एकतर गायब होते, नाहीतर जाड रेषेइतकीच होऊन बसते.

म्हणून इथे डिझायनरला ठरवावं लागतं की काय सोडायचं आणि काय काहीही झालं तरी राखायचं. मंगलमध्ये जाड-बारीकपणा आवरता घेतलाय, अक्षराच्या पोटातली पोकळी मोकळी ठेवलीय. बोरूचा डौल बराचसा गेला, पण ‘घ’ आणि ‘ध’ वेगळे राहिले. मिनिमलिझमचा अर्थ मला इथे कळला. साधं दिसावं म्हणून काढून टाकणं सोपं असतं. वाचणाऱ्याची चूक होऊ नये म्हणून नेमकं काय काढायचं, हे ठरवायला आधी वर्षानुवर्षं जाड-बारीक रेषा काढलेला हात लागतो. जोशी आयुष्यभर सुलेखन करत होते, म्हणून त्यातलं काय वगळलं तर चालेल हे त्यांना सांगता येत होतं.

चेहरा आणि ओळख : कृतिदेव विरुद्ध युनिकोड

इथवर अक्षराच्या चेहऱ्याबद्दल बोललो. आता दुसरा भाग, जो आपल्या प्रबंधाशी थेट जोडलेला आहे.

कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. जुन्या फॉन्टमध्ये, उदाहरणार्थ कृतिदेवमध्ये, आकडे रोमन अक्षरांचेच राहतात, फक्त त्यांच्यावर मराठी मुखवटा चढवलेला असतो. तुम्ही कृतिदेवमध्ये ‘मराठी’ लिहिलंत तर मशीनच्या लेखी ती पाच रोमन अक्षरं असतात : ई, जे, के, मोठा बी आणि एच. तुमच्याकडे कृतिदेव आहे तोवर पडद्यावर ‘मराठी’ दिसतं. गाइडच्या लॅपटॉपवर तो फॉन्ट नसला की मुखवटा गळून पडतो आणि ती पाच निरर्थक अक्षरं समोर येतात. हा अनुभव आपल्यापैकी अनेकांनी घेतलेला आहे.

युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. देवनागरीच्या मूळ विभागात १२८ जागा आहेत. त्यांची मांडणी आपल्याकडच्या इस्की या भारतीय संकेतप्रणालीवरून घेतलेली आहे. म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी असे पाच क्रमांक ओळीने साठवले जातात. फॉन्ट कुठलाही लावा, आत ‘मराठी’ च राहतं.

पण यातून फॉन्टचं काम वाढतं. ‘कि’ लिहिताना आत आधी ‘क’ आणि मग ऱ्हस्व वेलांटी साठवलेली असते. पडद्यावर मात्र वेलांटी आधी दिसायला हवी. ‘क्ष’ आत तीन क्रमांकांचा असतो, दिसतो एक. कुठल्या क्रमानंतर कुठली आकृती दाखवायची याचे नियम फॉन्टमध्येही लिहावे लागतात. शिशाच्या जमान्यात जुळारी जे हाताने करायचा ते आता फॉन्टने न सांगता करायचं. विंडोज २००० पासून मंगल विंडोजबरोबरच येऊ लागला. म्हणजे वेगळा फॉन्ट विकत न घेता, सीडी न शोधता घरच्या कॉम्प्युटरवर युनिकोड मराठी दिसायला लागली. आज आपण हे इतकं गृहीत धरतो की ते कधी नव्हतं हेच आठवत नाही.

मंगलमध्ये उणिवा नाहीत का?

आहेत. संशोधक म्हणून त्याही बघायला हव्यात. मंगलमधले ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे आहेत, अशी मराठी वाचकांची जुनी तक्रार आहे. आपल्या बालभारतीच्या पुस्तकातला ‘ल’ दोन पाकळ्यांचा असतो. लिपी एक असली तरी भाषा वेगळ्या आहेत, आणि वाचणाऱ्याच्या डोळ्याला हे खटकतं. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये मराठी वर्णमालेबद्दल शासननिर्णय काढला, त्यातही अक्षरांच्या रूपांचा विचार आहे.

दुसरी अडचण मराठीच्या खास ‘र’ ची. ‘आचार्यांना’ म्हणजे गुरूंना आणि ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक्यांना. हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येतो. दिसायला सारखा, आतले क्रमांक वेगळे. त्यामुळे एकाने एका पद्धतीने टाइप केलेला शब्द दुसऱ्याने शोधला तर सापडेलच असं नाही. भाषाशास्त्र, मराठी किंवा कॉम्प्युटर सायन्सच्या विद्यार्थ्यांनी इथे थोडं थांबावं. आयता टॉपिक आहे.

पडद्यांचं रिझोल्यूशनही वाढलं. विंडोज ८ पासून ‘निर्मला यूआय’ हा नवा फॉन्ट आला आणि मंगल हळूहळू मागे सरकला. एका विशिष्ट पडद्यासाठी शोधलेलं उत्तर पडदा बदलल्यावर जुनं होणारच. त्याने उत्तराची किंमत कमी होत नाही.

आपल्यासाठी यात काय आहे?

पहिली गोष्ट टॉपिकबद्दल. आपल्याकडे बरेच जण शोधगंगेवर जुनी शीर्षकं चाळतात आणि जिल्ह्याचं नाव बदलून नवं शीर्षक करतात. ‘अमुक तालुक्याचा चिकित्सक अभ्यास’ च्या जागी ‘तमुक तालुक्याचा’. असं शीर्षक समितीपुढे कदाचित टिकेल, पण तीन-चार वर्षं तुम्हाला ओढून नेणार नाही. जोशींचा प्रश्न रोज डोळ्यासमोर असलेल्या वस्तूतून आला होता, आणि तो जाहिरात कंपनीतही पुरला, वर्गातही पुरला, सॉफ्टवेअरच्या संस्थेतही पुरला. तुमचा प्रश्न नोकरी बदलली, गाइड बदलला, तरी शिल्लक राहील का, एवढं स्वतःला विचारा. राहणार असेल तर तो घ्या.

दुसरी गोष्ट, मर्यादा लिहून काढा. १६ पिक्सेल ही जोशींच्या कामाची अडचण होती आणि व्याख्याही होती. तुमच्याकडे उपकरण जुनं आहे, नमुने कमी आहेत, विद्यापीठ लांब आहे. या गोष्टी प्रस्तावात लपवू नका. ‘एवढ्याच साधनांत नेमकं काय मोजता येईल?’ असा प्रश्न केला की काम आटोपशीर होतं आणि परीक्षकालाही पटतं.

तिसरी गोष्ट, अक्षरावरही पीएचडी होते. रुपयाचं चिन्ह (₹) भारत सरकारने १५ जुलै २०१० ला स्वीकारलं. ते करणारे उदय कुमार त्या वेळी आयडीसीत तमिळ अक्षररचनेवर पीएचडी करत होते. देवनागरी टाइपफेसच्या रचनेवर गिरीश दळवी यांनीही आयआयटी मुंबईतच पीएचडी केली. अच्युत पालवांना तरुणपणी उल्काच्याच शिष्यवृत्तीवर मोडीचा अभ्यास करता आला. ‘हा काय विषय आहे का?’ असं कुणी म्हटलं तर ही नावं सांगा.

चौथी गोष्ट सगळ्यात तातडीची. तुमचा प्रबंध युनिकोडमध्येच टाइप करून घ्या. तालुक्याच्या गावी डीटीपीच्या दुकानात अजूनही जुन्या फॉन्टवर हात बसलेले लोक आहेत. त्यांचा वेग भारी असतो, त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. पण प्रबंध शोधगंगेवर गेल्यावर त्यातला शब्द कुणी शोधला तर तो सापडायला हवा. वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरलाही तो वाचता यायला हवा. मुखवट्याच्या फॉन्टमधला मजकूर त्याला निरर्थक रोमन अक्षरंच वाटतो. चार वर्षांचं काम छापलेल्या चार प्रतींत अडकून पडावं, असं कुणाला वाटेल?

तपासायची पद्धत सोपी आहे. तयार पीडीएफमधली एक ओळ कॉपी करा आणि व्हॉट्सॅपवर स्वतःलाच पाठवा. मराठी जशीच्या तशी उमटली तर उत्तम. रोमन अक्षरांचा भाजीपाला आला तर मजकूर जुन्या फॉन्टमध्ये आहे, तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि मगच प्रूफ वाचा. मराठी उमटली पण वेलांट्या इकडच्या तिकडे झाल्या असतील, तर दोष पीडीएफ बनवण्यात आहे. मग वर्डमधूनच थेट पीडीएफ म्हणून सेव्ह करून पुन्हा बघा. अर्ध्या र चे चार-पाच शब्द, म्हणजे दऱ्या, तऱ्हा, शेतकऱ्यांना असे, फाइलमध्ये शोधून बघा आणि सगळीकडे एकाच पद्धतीने आहेत ना याची खात्री करा.

जोशी शेवटच्या काळात वैदिक संस्कृतच्या स्वरचिन्हांवर काम करत होते. ऋचा छापताना अक्षराच्या वर-खाली ज्या रेघा येतात, त्यांना कॉम्प्युटरमध्ये जागा मिळावी म्हणून. ते गेल्यानंतरच्या वर्षी, २००९ मध्ये, युनिकोडच्या ५.२ आवृत्तीत वैदिक चिन्हांचा स्वतंत्र विभाग आला. देशनागरीपासून इथपर्यंत प्रश्न तोच होता.

तुमचा प्रश्न कुठला, ते एका वाक्यात लिहा. युनिकोडमध्ये.